शर्यतीला न चाललेला कारवानी, रिंगमधून बाद झालेला शेफर्ड: त्यांना घर कसं शोधावं

प्रश्न असा आला आहे. रायबाग तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्यानं जत्रेतल्या शर्यतींसाठी मुधोळ भागातून कारवानी (म्हणजे मुधोळ हाउंड) जातीचा नर कुत्रा आणला. आता तो वीस महिन्यांचा आहे. मळ्यात एकटा सोडला की सुसाट पळतो, पण मैदानात हलगी वाजायला लागली, माणसं ओरडायला लागली की अर्ध्यात थांबतो आणि कडेच्या माणसांत जाऊन बसतो. अलीकडं सरावातही लवकर दमतो. त्यांच्या बेळगावातल्या चुलतभावाकडं चौदा महिन्यांचा जर्मन शेफर्ड आहे. डॉग शोमध्ये उतरवायचा म्हणून घेतलेला, पण त्याची एक गोळी (वृषण) खाली पिशवीत उतरलीच नाही. दोन्ही कुत्री द्यायची आहेत. कारवानीला एक ऊसवाले शेतकरी वस्तीवर राखणीला मागतात. शेफर्डला एक गृहस्थ मेटिंगसाठी न्यायला तयार आहेत, वर पैसेही देतो म्हणतात. संकेश्वरला राहणारे मामा, शाळेतून निवृत्त झालेले, "दोघांतलं एक मला द्या" म्हणतात. पण घरच्यांना वाटतं, या वयात एवढं मोठं कुत्रं त्यांना झेपायचं नाही. काय करावं, आणि पैसे किती सुटतील?

मी बरीच वर्षं खानापूर-बेळगाव भागात कारवानी आणि शेफर्ड पाळतोय, शोमध्ये दुसऱ्यांची कुत्री रिंगमध्ये धरतोय. शोला किंवा शर्यतीला न चाललेल्या कुत्र्यांना घर शोधून देणं हे मी या कामाचाच भाग मानतो. म्हणून उत्तर जरा लांब देतो.

कुत्रं ज्या कारणानं बाद झालं, त्याच कारणावरून त्याचं पुढचं घर ठरवायचं असतं. आपल्याकडं मात्र कारण कुणी विचारतच नाही. बाद झालं की राखणीला, म्हणजे मळ्यावर, म्हणजे साखळीला. तुमचा कारवानी गोंगाटाला आणि अनोळखी गर्दीला बिचकतो. त्याला रात्रंदिवस अनोळखी माणसं येतात-जातात अशा वस्तीवर बांधून घालणं म्हणजे जिथं तो कच्चा आहे तिथंच त्याला कायमचं उभं करणं. त्या शेतकऱ्यांना नाही म्हणा. का ते पुढं सांगतो, पण त्याआधी एक काम आहे.

रक्त तपासून घ्या. याच आठवड्यात. पूर्वी पळणारं कुत्रं सरावात लवकर दमायला लागलं की आपल्या भागात पहिला संशय गोचीड तापाचा घ्यायचा. गोचीड चावल्यानं एर्लिकिया किंवा बॅबेसिया हे जंतू शरीरात जातात. एर्लिकियात प्लेटलेट उतरतात, बॅबेसियात रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. ताप दरवेळी जाणवेल असं नाही. कुत्रं खातं, शेपूट हलवतं, पण अंगात दम राहत नाही. हिरड्या बघा: निरोगी कुत्र्याच्या गुलाबी असतात, पांढुरक्या दिसल्या तर थांबू नका. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा बेळगावात संपूर्ण रक्ततपासणी आणि रक्ताचा स्मिअर (काचेवर पसरलेला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) करून घ्या. एर्लिकिया निघाला तर डॉक्टर बहुधा डॉक्सिसायक्लिन साधारण चार आठवडे देतात, आणि ते पूर्ण द्यायचं असतं. आठव्या दिवशी कुत्रं उड्या मारायला लागलं म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत. कुत्र्याच्या अंगावरची ही तपकिरी गोचीड भिंतीच्या फटींत, गोठ्याच्या दगडांत अंडी घालते. त्यामुळं नुसतं कुत्रं स्वच्छ करून भागत नाही, जागाही फवारावी लागते. आणि म्हशीसाठी आणलेलं गोचिडीचं औषध किंवा इंजेक्शन अंदाजानं कुत्र्याला देऊ नका. त्यात कुत्री दगावलेली मी पाहिली आहेत.

पायही बघून घ्या. बोटांच्या मधली जखम, निघालेलं नख, गादीत रुतलेला काटा. ढेकळांच्या रानात पळणाऱ्या कारवानीला ही दुखणी नेहमीची. दुखणाऱ्या पायाचं कुत्रं अर्ध्यात थांबलं तर त्याला भित्रं म्हणणं अन्याय आहे.

समजा रक्त स्वच्छ निघालं, पाय ठीक निघाले, तरी तो गर्दीत थांबतोच. मग त्याचा स्वभाव तसा आहे, आणि त्यात त्याची चूक काहीच नाही. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जपली ती कोरड्या, उघड्या माळावर नजरेनं सावज टिपून त्यामागं पळण्यासाठी. बरोबर दोन-चार ओळखीची माणसं आणि समोर मोकळं रान, एवढीच त्या कुत्र्याची दुनिया. परक्या माणसापासून चार हात दूर राहणं हे या जातीच्या रक्तातच आहे. जत्रेतलं मैदान, स्पीकर, शिट्ट्या, हलगी हे तिच्या घडणीतच नाही. काही कारवानी त्यातूनही पळतात, ते वेगळे. गेल्या काही वर्षांत ही कुत्री लष्कराच्या मेरठच्या केंद्रात प्रशिक्षणाला गेली, २०२० मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये मुधोळचं नाव घेतलं, तेव्हापासून तर प्रत्येकाला आपलं पिल्लू शूर शिपाई निघणार असं वाटतं. मागणी वाढली, पिल्लं वाढली, आणि आता दीड-दोन वर्षांची 'न चाललेली' कुत्रीही वाढली आहेत. मला येणाऱ्या फोनांत ते स्पष्ट जाणवतं.

शोच्या कुत्र्यांचंही तेच. दोन महिन्यांच्या पिल्लावरून ते रिंगमध्ये चालेल अशी खात्री कुणीही देऊ शकत नाही. चौथ्या ते सहाव्या महिन्यात दात बदलतात तेव्हा जबड्याची ठेवण बिघडू शकते. उंची मापाच्या वर जाते. कान नीट उभे राहत नाहीत. शेफर्डच्या मागच्या पायांचा एक्स-रे वर्षानंतर काढला की खुब्याचा सांधा सैल निघतो. उत्तम नर-मादीच्या पोटची एका वेतातली सगळी पिल्लं रिंगमध्ये जाणं जवळपास अशक्य. एखाद-दुसरं गेलं तरी पुष्कळ. बाकीची कुत्री वाईट नसतात. जजच्या टेबलावर जो दोष ठरतो तो घरातल्या माणसाला आयुष्यभर दिसतही नाही. दोन दात कमी असलेला शेफर्ड पोरांबरोबर तितक्याच प्रेमानं खेळतो.

म्हणून मी कुत्रं हातात आलं की आधी विचारतो: हे बाद कशानं झालं? अंगातल्या खोटीनं, जोश कमी पडला म्हणून, जोश जास्त झाला म्हणून, की भीतीनं? चारही गोष्टींना लोक 'चाललं नाही' हा एकच शब्द वापरतात, पण त्यांची घरं अगदी वेगळी असतात.

अंगातली खोट असेल, स्वभाव सरळ असेल, तर घर शोधणं सगळ्यात सोपं. तुमच्या भावाचा शेफर्ड यात बसतो. जोश कमी म्हणून कामाच्या किंवा खेळाच्या प्रशिक्षणातून बाहेर पडलेला कुत्राही घरासाठी सोन्यासारखा. ज्याला चेंडूचं वेड नाही तो दुपारी पंख्याखाली गपगार झोपतो आणि संध्याकाळी फिरून खूश होतो. उलट जास्त जोशामुळं न सांभाळता आलेली कुत्री, विशेषतः हल्ली व्हिडिओ बघून लोक घेतात ती बेल्जियन मॅलिनॉय, यांना साधं घर देऊच नये. त्यांना रोज डोक्याला आणि अंगाला काम लागतं. ते नाही मिळालं की दार, सोफा, स्वतःची शेपूट, शेवटी माणूस, असा क्रम असतो. असं कुत्रं ज्यानं आधी काम करणारी कुत्री हाताळली आहेत त्यालाच द्यावं, मग त्यासाठी सहा महिने थांबावं लागलं तरी चालेल. भीतीनं बाद झालेल्याला शांत घर लागतं: कमी माणसं, ठरलेला दिनक्रम, कुणीही मोठ्यानं ओरडत नाही अशी जागा. तुमचा कारवानी इथं बसतो, पण सौम्य प्रकारात. गर्दीला घाबरून तो पळून जात नाही किंवा गुरगुरत नाही, माणसांपाशी येऊन बसतो. घाबरल्यावर माणसाचा आधार घेणारं कुत्रं घरात रुळतं. घाबरल्यावर दात दाखवणारं रुळवणं फार अवघड.

आता वस्तीचा विषय. ऊसतोडीचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो आणि मार्चपर्यंत चालतो. रानात रोज नवीन टोळ्या, ट्रॅक्टर, बैलगाड्या, बारकी पोरं. साखळीला बांधलेल्या बिचकणाऱ्या कुत्र्याला पळून जायची सोय नसते. पळता येत नसेल तर चावणं हा एकच मार्ग त्याला उरतो. मग एखाद्या तोडकऱ्याच्या पोराला दात लागतो, आणि त्या रात्री त्या कुत्र्याचं काय होतं हे आपल्या भागात सांगायला नको. शिवाय कारवानी राखणीचा कुत्रा नव्हे. अंगावर चरबी नाही, केस आखूड. थंडीत उघड्यावर कुडकुडतो. खानापूरकडं, जांबोटी-कणकुंबीच्या पावसात तर त्याला बाहेर ठेवणं क्रूरपणाच. तिकडं भीमगडच्या जंगलाला लागून असलेल्या गावांत बिबट्या रात्री अंगणातली बांधलेली कुत्री नेतो, हेही विसरू नका. कुणी "शिकारीला द्या, सशामागं पळेल" म्हणाला तर दारातूनच परत पाठवा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार सशाची शिकार गुन्हा आहे.

मेटिंगवाल्या गृहस्थांनाही नाही म्हणा, आणि तेही ठामपणे. न उतरलेली गोळी हा आनुवंशिक दोष आहे. पिल्लाच्या दोन्ही गोळ्या साधारण दोन महिन्यांपर्यंत खाली येतात. सहा महिन्यांपर्यंत आली नाही तर पुढं येईल अशी आशा ठेवू नये. रिंगमध्ये नराच्या दोन्ही गोळ्या पिशवीत हव्यात हा नियम सगळ्या जातींना लागू आहे, आणि तो असण्याचं कारणच हे की असा नर वापरला तर दोष पुढच्या पिढीत जातो. एक गोळी खाली असलेला नर मेटिंग करू शकतो, म्हणून तर ते गृहस्थ पैसे देतोय म्हणतात. ज्यांना हे ठाऊक असून तो हवा आहे, त्यांच्याकडं त्याचे दिवस एका पिंजऱ्यातून दुसऱ्या पिंजऱ्यात जाणार. इंजेक्शन देऊन किंवा ऑपरेशननं गोळी खाली ओढून शोला उभं करा, असा सल्ला देणारेही भेटतील. ती सरळ फसवणूक आहे.

शेफर्डचं करायचं ते हे: नसबंदी, आणि दोन्ही गोळ्या काढून. आत राहिलेली गोळी पोटाच्या उष्णतेत राहते आणि तिथं वय वाढल्यावर गाठ होण्याचा धोका साध्या नरापेक्षा कितीतरी जास्त असतो. ती पोटात आहे की जांघेत, हे सोनोग्राफीनं बघून मगच ऑपरेशनला जावं. मोठ्या जातींची नसबंदी फार लवकर करू नये हेही खरं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यांनी २०१६ मध्ये शेफर्डवरच्या अभ्यासात दाखवलं की वर्षाच्या आत नसबंदी झालेल्यांत सांध्यांचे विकार जास्त आढळतात. हा चौदा महिन्यांचा आहे. आणखी थोडं थांबायचं का, हे डॉक्टरांबरोबर ठरवा, पण ऑपरेशन तुमच्या भावाच्या घरी होऊ द्या. नव्या घरी 'नंतर करू' म्हणून दिलेली नसबंदी बहुतेक वेळा होत नाही.

कारवानीची नसबंदी करणार असाल तर डॉक्टरांना आधी सांगा की हा ग्रेहाउंडच्या धाटणीचा, अंगावर चरबी नसलेला कुत्रा आहे. थायोपेंटोनसारखी भूल अशा कुत्र्यांच्या अंगातून फार सावकाश उतरते; डॉक्टर दुसरं औषध निवडतील. ऑपरेशननंतर अंग पटकन गार पडतं, म्हणून घोंगडं बरोबर न्या.

देण्याआधीचे तीन-चार आठवडे कुत्र्याला घर शिकवण्यात घालवा. शोचं किंवा शर्यतीचं कुत्रं पिंजऱ्यात, शेडमध्ये वाढलेलं असतं. त्याला प्रवास माहीत असतो, अंगावर हात फिरवून घेणं माहीत असतं, पण घर माहीत नसतं. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात म्हणून ते दारातच उभं राहतं. कुकरची शिट्टी झाली की पलंगाखाली. मिक्सर, पंखा, कपाटाचा आरसा, जिना, टीव्हीतली भांडणं, सगळं नवीन. सिमेंटच्या शेडमध्ये कुठंही लघवी करायची सवय असल्यानं दोन वर्षांचं कुत्रंही घरात पिल्लासारखं वागतं, आणि नव्या घरचे म्हणतात, "एवढं मोठं झालंय, याला अक्कल नाही." म्हणून रोज थोडा वेळ त्याला स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवा. कुकर लावा, शिट्टीच्या वेळी तूप लावलेला चपातीचा तुकडा द्या. जेवल्यावर आणि झोपेतून उठल्यावर लगेच बाहेर न्या, बाहेर केलं की शाबासकी द्या. रिंगमधल्या कुत्र्याला 'बस' शिकवलेलं नसतं, कारण जजपुढं त्यानं उभं राहायचं असतं. शेफर्डला ते आता शिकवायला हरकत नाही.

याच काळात त्याला नीट पाहून घ्या आणि लिहून ठेवा. कोंबडी दिसली की काय करतो? कारवानी बहुतेक पळत्या कोंबडीमागं, मांजरामागं जाणारच. तो त्याचा पिढीजात धंदा आहे, मारून जात नाही. शेळीच्या करडाजवळ कसा राहतो? पोरं पळाली की? जेवताना ताटलीजवळ हात गेला तर? एकटं ठेवलं की भुंकतो का, दार ओरखडतो का? ही उत्तरं नव्या माणसाला जशीच्या तशी सांगायची. दोष सांगितले तर कुणी घेणार नाही ही भीती खोटी आहे. ऐकून मागं सरकणाऱ्याकडून ते कुत्रं महिन्याभरात परतच येणार होतं.

एका बाबतीत अजिबात तडजोड नको. कुत्र्यानं माणसाला, विनाकारण वाटावं असं, जोरात चावलेलं असेल तर ते नव्या कुटुंबाला देऊ नये. लपवून तर नाहीच, सांगूनही पोरं असलेल्या घरी नाही. आधी दुखणं आहे का हे डॉक्टरांकडून बघा. कानाचं, दाताचं, मणक्याचं दुखणं अनेकदा चावण्यामागं असतं. मग जाळी लावून, स्वतःच्या जबाबदारीवर सांभाळणं जमतं का ते बघा. जमत नसेल तर डॉक्टरांच्या हातून त्याला शांतपणे झोपवणं, आपण जवळ बसून, हे दुसऱ्याच्या पोराच्या तोंडाला टाके पडण्यापेक्षा बरं. हे लिहिताना जड जातं, पण कुणीतरी स्पष्ट बोलायला हवं. तुमच्या दोन्ही कुत्र्यांना हे लागू नाही.

पैशाचं. शर्यतीसाठी किंवा शोसाठी दिलेले पैसे सुटतील हा विचार सोडा. मात्र अगदी फुकटही देऊ नका. फुकट म्हटलं की दलाल येतात, आणि तेच कुत्रं पुढच्या आठवड्यात कोल्हापूर-सांगलीकडं कुणाच्या तरी मोबाइलवर विकायला दिसतं. लसी आणि ऑपरेशनचा खर्च एवढी रक्कम मागा. द्यायला तयार असणारा माणूस पुढच्या औषधालाही पैसे काढेल. आणि ज्यांच्याकडून पिल्लू आणलं त्यांना एकदा फोन करा. चांगला ब्रीडर आपलं कुत्रं परत घेतो किंवा घर शोधायला मदत करतो. फोन उचलला नाही तर तुम्हालाही पुढं कुणाकडून पिल्लू घेऊ नये हे कळेल. कंटाळून हायवेच्या ढाब्याजवळ सोडून येण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० खाली कुत्र्याला उपासमारीत टाकून देणं हाही गुन्हा आहे.

आता मामा. मला तिन्ही पर्यायांत तेच बरे वाटतात, आणि 'म्हाताऱ्याला झेपणार नाही' हे म्हणणं कारवानीच्या बाबतीत मला पटत नाही. मी दिलेली उत्तम घरं बरीचशी निवृत्त माणसांची आहेत: शिक्षक, पोस्टातले, मराठा लाइट इन्फंट्रीतून परतलेले जवान. त्यांचा दिवस घड्याळावर चालतो आणि भित्र्या कुत्र्याला घड्याळासारखं औषध नाही. मोठा झालेला कारवानी घरात अतिशय शांत असतो. सकाळ-संध्याकाळ फिरवलं की दिवसभर झोपतो. ओढ लावून माणसाला पाडणारा कुत्रा तरुण शेफर्ड आहे. तो मामांना देऊ नका. त्याला बेळगावातच टिळकवाडी-अनगोळकडं कंपाऊंडचं घर आणि घरात कॉलेजातली पोरं असं काही बघा. एवढा देखणा, सरळ स्वभावाचा कुत्रा नसबंदी झाल्यावर फार दिवस घराविना राहणार नाही. बेळगावातल्या दोन-तीन पशुवैद्यांकडं सांगून ठेवा. ज्यांचा जुना कुत्रा नुकताच गेलाय ती माणसं त्यांना माहीत असतात.

मामांच्या घरी तुम्ही स्वतः जाऊन बघा. कंपाऊंडची भिंत सहा फुटांच्या आत असेल तर कारवानी ती ओलांडेल. वर जाळी लावा. शेजारी कोंबड्या आहेत का विचारा. असतील तर शेजाऱ्यांशी आधीच बोला. महामार्ग संकेश्वरजवळूनच जातो, म्हणून मोकळ्यावर पट्ट्याशिवाय कधीच सोडायचं नाही. नजरेत काही पळतं आलं की हाक ऐकू येत नाही या कुत्र्यांना. साधा पट्टा घालू नका. कारवानीचं डोकं मानेपेक्षा फारसं रुंद नसतं, मागं सरकलं की पट्टा निघून येतो. रुंद, ओढल्यावर थोडा आवळणारा पट्टा घ्या. पहिला महिना त्याच्या जोडीला छातीचा पट्टाही घाला, दोन दोऱ्या.

वेळ नीट निवडा. गणपतीच्या आधी, दिवाळीच्या आधी, एक नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या, मिरवणुकांच्या तोंडावर गोंगाटाला बिचकणारं कुत्रं नव्या घरी नेऊ नका. दिवाळी होऊन पंधरा दिवस गेले की न्या. पुढच्या मोठ्या आवाजापर्यंत त्याला घर आपलं वाटायला लागलेलं असेल. जाताना तो झोपायचा ते पोतं न धुता बरोबर द्या, आणि दहा दिवसांचं नेहमीचं खाणं. ज्वारीची भाकरी, दूध, अंडं जे काय असेल ते तसंच चालू ठेवायचं, मग हळूहळू बदलायचं. मामींना आधीच सांगा की कारवानीच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणं बरोबर आहे. शेजारणी म्हणतील उपाशी ठेवलंय. त्या भरीला पडून जाड केलेला कारवानी सांध्यांनी दुखावतो. पहिले दोन-तीन दिवस तो खाणार नाही, कोपऱ्यात पडून राहील. त्याला तिथंच राहू द्यायचं, पै-पाहुणे बोलवायचे नाहीत. तुम्हीही पहिले पंधरा दिवस भेटायला जाऊ नका. फोन मात्र रोज करा.

कागद साधाच करा, पण करा. शेफर्ड कन्नड बोलणाऱ्या घरी गेला तर मराठी आणि कन्नड दोन्हींत. त्यात लिहा: कुत्र्याचा मायक्रोचिपचा पंधरा आकडी नंबर, रेबीजची आणि बाकी लस कधी दिली, पुढची कधी, मेटिंगला वापरायचं नाही, दुसऱ्याला परस्पर द्यायचं नाही, आणि कधीही, कुठल्याही कारणानं नको झालं तर ते आधी तुमच्याकडं परत येईल. हे शेवटचं वाक्य तुमच्यावरही बंधन आहे, सही करण्याआधी घरात विचारून घ्या. केनेल क्लबची नोंदणी असेल तर मालकी बदलाचा अर्ज भरून नाव बदलून घ्या. कुत्र्याला येणारे शब्दही त्याच कागदावर लिहून द्या. 'ये'ला येणारं कुत्रं आठवड्याभरात कन्नडमधल्या 'बा'लाही यायला लागतं, पण तोवर घरच्यांना 'ये' म्हणता यायला हवं.

रक्ताचा रिपोर्ट आला की प्लेटलेट आणि हिमोग्लोबिन दोन्ही आकडे मला कळवा. एर्लिकिया निघाला तर औषध पूर्ण होऊन पुन्हा तपासणी चांगली येईपर्यंत मामांकडं पाठवायचं थांबवा. आजारी कुत्र्याला घर बदलण्याचा ताण नको, आणि पहिल्याच महिन्यात दवाखान्याचे हेलपाटे मामांनाही नकोत. तोवर त्यांना तुमच्याकडं चार-पाच वेळा बोलवा, त्यांच्या हातून त्याला खायला घाला, त्यांच्याबरोबर मळ्यातून फिरायला पाठवा. तिसऱ्या-चौथ्या खेपेला तो त्यांची गाडी ओळखून फाटकाशी आला, तर तारीख ठरवायला हरकत नाही.